बर्फाची सतरावी वही

माझा मामा बावीस वर्षं जहाजांवर होता. त्यातली सात वर्षं उत्तरेकडच्या बर्फाच्या समुद्रात गेली. उरलेल्या पंधरा वर्षांत त्यानं काय केलं ते आम्हा घरच्यांनाही धड ठाऊक नाही. ती सात मात्र आमच्या अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होती. मुलं त्याला बर्फकाका म्हणत. मुलांचं ऐकून दुकानदार म्हणू लागला, पोस्टमन म्हणू लागला, आणि मामी चिडली की तीही म्हणायची, "अहो बर्फकाका, गॅस बंद करा."

निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा त्याच्या गप्पा असत. तीस-पस्तीस माणसं हमखास येत. मामा हातात कागद न घेता बोलायचा. "बर्फ म्हणजे समुद्रावरचं झाकण नव्हे," तो म्हणायचा, "ती जमीन आहे, फक्त उलटी. तिचं पीक खालच्या अंगाला येतं. बर्फाच्या पोटाला शेवाळ धरतं, ते खायला कोळंबीसारखे बारके जीव, त्यांच्यावर वीतभर मासे, माशांवर पक्षी आणि सील. वरून बघाल तर नुसतं ओसाड, आणि खाली बाजार भरलेला." मग कुणीतरी विचारायचंच की हा बर्फ वितळला की समुद्र वर येणार का. "तरंगणारा बर्फ वितळून पाणी वाढत नाही," मामा सांगायचा. "ते वाढतं जमिनीवरचा बर्फ वितळून. तरंगता बर्फ गेला की दुसरंच काही जातं. तो पांढरा आहे तोवर ऊन परत पाठवतो. तो गेला की खाली काळं पाणी, आणि काळं पाणी ऊन पिऊन बसतं. मग उरलेला बर्फ आणखी लवकर जातो. तिकडची थंडी ढिली पडली की इकडच्या वाऱ्यांचंही वेळापत्रक कोलमडतं."

वेळापत्रक म्हटलं की तो माझ्याकडे बघून हसायचा, कारण मी बस डेपोत वेळापत्रकं लावण्याचं काम करते. मला त्याचा अभिमान होता. माझी आई गेल्यापासून माहेर म्हणून मला तेच एक घर होतं, आणि दर रविवारी मी तिथे जेवायला असायचे. पुढचं जे घडलं ते सगळं मी जवळून पाहिलं. त्यात माझंही थोडं आहे, आणि ते सांगण्यासारखं नाही. पण सांगते.

एका रविवारी दुपारी एक संशोधक बाई आल्या. बत्तीस-तेहतिशीच्या असतील. खांद्याला जड पिशवी, नाकावरून घसरणारा चष्मा. जुन्या जहाजांवरच्या बर्फाच्या नोंदवह्या गोळा करून त्यावरून पूर्वी कुठे किती बर्फ होता ते काढायचं, हे त्यांचं काम. "आता उपग्रह आहेत," त्या म्हणाल्या, "पण तेव्हा ते नुकते कुठे वर गेलेले, आणि त्यांना किनाऱ्याजवळचं धड दिसायचं नाही. तुमच्यासारखी माणसं हेच आमचे डोळे, काका."

मामा फुलला. मामीनं चहा टाकला.

मामा तेव्हा एका सामान पोचवणाऱ्या जहाजावर तिसरा अधिकारी होता. उन्हाळ्यात उत्तरेच्या चार बेटांवरच्या हवामान केंद्रांना डिझेल, धान्य, औषधं आणि टपाल पोचवायचं. बर्फाची वही त्याच्याकडे असे. दर तीन तासांनी जहाजाच्या सुकाणूघराबाहेरच्या उघड्या सज्जावर दहा मिनिटं उभं राहायचं, चारी दिशांना बघायचं, आणि समुद्राच्या दहा भागांपैकी किती भाग बर्फानं झाकलेत, तुकडे केवढे आहेत, कुठले प्राणी दिसले ते लिहायचं. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, त्यामुळे दिसत नव्हतं अशी सबब नाही.

संशोधक बाईंनी पिशवीतून त्या वह्यांच्या प्रती काढल्या. सात उन्हाळ्यांच्या सात वह्या. त्यातली एक त्यांनी अलगद वर ठेवली.

"ही आमच्याकडे सतराव्या क्रमांकाला आहे. ऑफिसात सगळे हिला सुंदरी म्हणतात."

"सुंदरी?"

"बाकीच्या बघा ना. पाण्याचे डाग, शाई फुटलेली, अक्षर थरथरलेलं. हातमोजा काढून घाईनं लिहिलंय हे दिसतं. आणि ही! एक डाग नाही, छापल्यासारखं अक्षर. हिच्यासाठी तुम्हाला शाबासकीचं पत्र मिळालं होतं ना?"

"चौकट करून लावलंय," मामी आतून म्हणाली. "तुमच्या डोक्यामागेच आहे."

संशोधक बाईंनी वळून पत्र वाचलं, मान डोलावली. मग म्हणाल्या, "फक्त एक गोष्ट जुळत नाही, काका. ह्या वहीत सगळीकडे सात-आठ भाग बर्फ आहे. पण त्या उन्हाळ्यात जहाज चौथ्या बेटावर नेहमीपेक्षा सहा दिवस आधी पोचलं. एवढ्या बर्फातून तुमचं ते जुनं जहाज इतकं जोरात गेलं कसं?"

मामानं कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला. "दक्षिणेचा वारा होता," तो म्हणाला. "बर्फात लांब लांब फटी पडल्या होत्या. त्यातून वाट काढत गेलो."

"फटी!" बाईंनी लिहून घेतलं. "हे आम्हाला सुचलंच नाही. मग प्रश्न मिटला. चौथ्या बेटावरच्या बाईंची नोंद बाजूला ठेवायला हरकत नाही."

"कुठल्या बाई?" मीच विचारलं.

तेव्हा कळलं की चौथ्या बेटाच्या कड्यावर समुद्रपक्ष्यांची मोठी वसाहत होती आणि ते पक्षी मोजायला एक तरुण बाई तिथे राहत असे. त्या उन्हाळ्यात तिनं लिहिलं होतं की किनाऱ्याचा बर्फ महिनाभर आधीच गेला, त्याच्याबरोबर मासे गेले. आईबाप लांबलांब उडून रिकाम्या चोचीनं परत येतात आणि पाचातली चार पिल्लं कड्यावर उपाशी मेली. मुख्य कचेरीनं तिची नोंद जहाजाच्या वहीशी ताडून पाहिली. वहीत भरपूर बर्फ. मग पक्षी कसल्यातरी रोगानं मेले असावेत असं ठरलं. तो रोग लोकांनी पुढे कितीतरी वर्षं शोधला, सापडला नाही.

"त्या बाईंचं काय झालं?" मामानं विचारलं.

"पुढच्या वर्षी त्यांना पाठवलं नाही. नोंदी भरवशाच्या नाहीत, असा शेरा आहे फाइलवर."

बाई गेल्या. मामा उठला आणि त्यानं कपबश्या विसळायला घेतल्या. अख्ख्या जन्मात मी त्याला मोरीपाशी उभं पाहिलं नव्हतं. मी शेजारी जाऊन फडकं घेतलं. मामी शेजारणीकडे गेली होती.

"फटी नव्हत्या," मामा नळाकडे बघत म्हणाला.

"काय?"

"फटी पडायला बर्फ लागतो. तेवढा तो नव्हताच."

त्यानं सांगितलं ते असं. त्या उन्हाळ्यात पहिल्याच फेरीत तो सज्जावर गेला, चारी दिशांना पाहिलं आणि वहीत तीन हा आकडा लिहिला. दहापैकी तीन. कप्तानानं वही पाहिली. "गेल्या वर्षी ह्याच जागी आठ होता," कप्तान म्हणाला. "यंदा काय, बर्फ सुट्टीवर गेलाय? आधी डोळे तपासून घे." सुकाणूघरात चारपाच जण होते, सगळे खो खो हसले. कप्तानाला बाहेरचं दिसत नव्हतं असं नाही; जहाज सुसाट चाललं होतं आणि तो खुशीत होता. पण तिसऱ्या अधिकाऱ्याची टर उडवायची संधी कोण सोडतो? मामा तेव्हा एकोणतीस वर्षांचा. त्यानं तीन खोडला नाही, पानच फाडलं आणि नव्या पानावर सात लिहिले. कप्तान म्हणाला, "आता कसं!"

"मग पुढच्या वेळी बाहेर जाऊन काय करायचं?" मामा म्हणाला. "दिसेल ते लिहायचं नाही, लिहायचं ते दिसत नाही. मी गेल्या वर्षीची वही घेतली आणि आचाऱ्याच्या खोलीत जाऊन बसलो. तिथे भट्टीची ऊब होती. कॉफी होती. गेल्या वर्षीचे आकडे उतरवत गेलो. परीक्षेत कॉपी करणारा एखादं गणित मुद्दाम चुकवतो ना, तसं मधेच आठाचे सात करायचे, साताचे आठ. प्राणीसुद्धा उतरवले. इथे दोन सील, तिथे एक अस्वल. एकेचाळीस दिवस पाट्या टाकल्या. अक्षर सुंदर का येणार नाही? टेबल हलत नव्हतं, बोटं गारठली नव्हती."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी कप्तान बदलला आणि बर्फही परत आला. मी पुन्हा बाहेर उभा राहू लागलो. आधीपेक्षा जास्त वेळ. बाकीच्या सहा वह्या खऱ्या आहेत, आईशपथ." मग नळ बंद करून तो म्हणाला, "ते पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं. पोरवय म्हणून सोडून दे हवं तर. पण आज? आज मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, समोर चहाचा कप आहे, कुणी हसणारं नाही. आणि फटी सांगितल्या. ओठावर आयत्याच आल्या."

आता माझा भाग. मी काय म्हणाले? म्हणाले, "मामा, झाकली मूठ सव्वा लाखाची. कोण जाणार आहे तपासायला? कप्तान मेला, आचारी मेला. त्या बाईंचं समाधान झालंय. आता उकरून काय मिळणार? उगाच ह्या वयात तोंड काळं."

हे मी प्रेमानं म्हणाले असं तेव्हा वाटलं होतं. खरं असं की पुढच्या महिन्यात डेपोच्या वार्षिक कार्यक्रमात मामाचं भाषण ठेवायचं मी साहेबांकडून मंजूर करून घेतलं होतं. ते माझ्या डोक्यात होतं. मी आधी माझी पत वाचवत होते.

नऊ दिवस गेले. मधे वाचनालयातल्या गप्पांचा दिवस आला. मामा उभा राहिला, उलट्या जमिनीचं सांगू लागला आणि पहिल्या रांगेतून एक गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं सांगता, म्हणून ऐकावंसं वाटतं." मामानं घशाला हात लावला, आवाज बसल्याचं सांगितलं आणि खाली उतरला. बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला. त्याचे कान लाल झाले होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे कान असे लाल होताना बघवत नाही.

मामीला कुणी सांगावं लागलं नाही. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पंचवीस वर्षं होती. दहाव्या दिवशी सकाळी मी औषधं द्यायला गेले तेव्हा टेबलावर तिनं शाबासकीचं पत्र भिंतीवरून काढून पालथं ठेवलं होतं.

"पंचवीस वर्षं लोकांचे आवाज ऐकले मी," ती मामाला म्हणत होती. "खरं बोलणारा लगेच बोलतो. खोटं बोलणारा आधी श्वास घेतो. त्या मुलीला वारा आणि फटी सांगताना तुम्ही एवढा मोठा श्वास घेतलात की मला आत ऐकू आला. मी दहा दिवस वाट बघतेय."

मामानं सांगितलं. सगळं, पाठीला पाठ लावून बसावं तसं, खिडकीकडे तोंड करून. शेवटी तिनं विचारलं ते एवढंच. "आणि ही तुम्हाला काय म्हणाली?" ही म्हणजे मी.

मामीनं माझ्याकडे पाहिलं. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, ते कशाला म्हणतात ते मला कळलं.

"फोन लावा," मामी म्हणाली.

मामानं लावला. मामीलाही ऐकू यावं म्हणून मी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "बाई, सतरावी वही खोटी आहे. फटीही खोट्या. मी बाहेर गेलोच नव्हतो." पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं लाइन तुटली. मामीनं मानेनं खूण केली: आहे लाइनवर.

"काका," शेवटी आवाज आला, "हे मला लिहून द्याल?"

ते निवेदन मी टाइप केलं. मामा सांगत होता, मी लिहीत होते. मी जिथे जिथे शब्द मऊ केले तिथे तिथे त्यानं मला थांबवलं. मी 'नजरचूक' लिहिलं, तो म्हणाला, "नजर टाकलीच नाही तर चूक कसली? लबाडी लिही."

आठवड्यानं संशोधक बाई पुन्हा आल्या. ह्या वेळी चहा नको म्हणाल्या. निवेदन वाचलं, घडी घातली. मग म्हणाल्या, "सतरावी वही तर जाईलच. पण काका, बाकीच्या सहाही मला काढाव्या लागतील."

मामा खुर्चीतून अर्धवट उठला. "त्या खऱ्या आहेत! त्यांच्यावर डाग आहेत बघा. एकदा थंडीनं माझी दोन बोटं काळी पडली होती. जहाजाच्या डॉक्टरला—"

"असतील खऱ्या. मला वाटतं की आहेत." त्यांचा आवाज कडक नव्हता, तेच जास्त लागत होतं. "पण मी कसं ओळखू? मी सुंदरीलाही खरी समजत होते. उद्या कुणी मला विचारलं, ह्या माणसाचं कुठलं पान धरायचं आणि कुठलं सोडायचं, तर मी काय सांगू?"

मामा बसला. सहा उन्हाळे तो खरोखर त्या वाऱ्यात उभा राहिला होता. ते सहा उन्हाळेही सातव्यानं गिळले. त्यानं वाद घातला नाही. जाताना संशोधक बाईंनी दारात वळून सांगितलं, "त्या पक्षी मोजणाऱ्या बाई हयात आहेत. पत्ता देते. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

आम्ही गेलो. गाडी मी चालवली. चार तासांचा रस्ता. मामानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वाटेत तीनदा विचारलं, "मी सुरुवात कशी करू?" मला सुचेना. एकदा खोटा सल्ला दिल्यावर पुन्हा तोंड उघडायची हिंमत नव्हती.

त्या बाई एका चपला दुरुस्तीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या. सत्तरीच्या आसपास, काटक, कापलेले पांढरे केस. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, तिसरी त्यांनी शेजारून आणली. संशोधक बाईंनी त्यांना फोनवर कल्पना दिली होती, त्यामुळे प्रस्तावना करायची वेळ आली नाही.

"बसा," त्या म्हणाल्या. "मी बेटावरून आल्यावर तीस वर्षं हातमोज्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. बोटं मोजायचे. पाचाच्या जागी सहा निघाली की बाजूला. तिथे कुणी माझ्या मोजण्यावर शंका घेतली नाही."

मी हसले, आणि एकटीच हसले.

मामानं सांगितलं. कप्तान, हसणारी माणसं, आचाऱ्याची खोली. त्या ऐकत राहिल्या. तो थांबल्यावर म्हणाल्या, "संपलं?"

"हो."

"नाही संपलं. तुम्ही एक गोष्ट गाळली."

मामाची मान खाली गेली.

"तुम्ही बेटावर उतरला होतात," त्या म्हणाल्या. "पेट्या उतरवायला. निळी टोपी होती तुमची. मी तुम्हाला हात धरून किनाऱ्यावर नेलं. समोर पाणी होतं, नजर पोचेल तिथवर काळं पाणी. पायाखाली पिल्लं पडलेली होती, मुठीएवढी, पोटं खपाटीला गेलेली. मी म्हणाले, 'बघताय ना? हे सगळं लिहा हं. माझं एकटीचं कुणी ऐकणार नाही.' तुम्ही काय म्हणालात?"

मामा इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं. "लिहितो म्हणालो."

"लिहितो म्हणालात. मी वर्षभर निर्धास्त होते. कचेरीत मला बोलावलं तेव्हाही मी निर्धास्त होते. म्हटलं, जहाजाची वही उघडा, तिथे आहे सगळं. त्यांनी वही उघडली. माझ्याच समोर."

हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. मामीलाही नाही. निवेदनातही नाही. मी त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"नोकरी गेली त्याचं मला फार नाही," त्या पुढे म्हणाल्या. "दुसरी मिळाली. पण पुढे कितीतरी वर्षं मला वाटायचं, माझंच काही चुकलं असेल. मी बर्फ पाहिला नसेल. थकवा असेल, धुकं असेल. एवढ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं खोटं कसं असेल? माझे डोळे माझे राहिले नाहीत. घराला कुलूप लावलं तरी चार वेळा परत येऊन बघायचे. अजून बघते."

मामा म्हणाला, "मी माफी मागायला आलो."

"मागा," त्या म्हणाल्या. त्यानं मागितली. त्यांनी 'असू दे' म्हटलं नाही, 'झालं गेलं' म्हटलं नाही. त्यांनी कपाटातून त्यांची जुनी नोंदवही काढली, फुगलेली, कडा कुरतडल्यासारख्या, आणि ती टेबलावर उघडून त्याच्यापुढे सरकवली. "वाचा. मोठ्यानं वाचा. इतकी वर्षं हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं राहिलंय."

मामानं वाचलं. तारखा, किनाऱ्याचं पाणी, घरट्यांचे आकडे. एका पानावर फक्त एवढंच होतं: आज एकही आई मासा घेऊन आली नाही. तिथे त्याचा आवाज खरंच बसला. त्या थांबल्या, पाण्याचा पेला पुढे केला आणि तो प्यायल्यावर म्हणाल्या, "पुढचं पान."

परतीच्या वाटेवर तो एकदाच बोलला. "ते मी तुला का सांगितलं नाही माहीत आहे? टर उडवली म्हणून घाबरलो, हे सांगता येतं. लोक समजून घेतात. एका माणसाला शब्द दिला आणि वर जाऊन कॉफी प्यायलो, हे सांगायला शब्द कुठून आणू?" घरी पोचल्यावर त्यानं मला पुन्हा टाइप करायला बसवलं आणि निवेदनात ती भेट घातली.

त्यानंतरच्या महिन्यात वाचनालयात त्यानं तीस-पस्तीस माणसांना उभं राहून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, लोक उठून जातील. झालं उलटंच. सगळे त्याची समजूत काढायला पुढे आले. "चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलात!" "ऑफिसात कोण करत नाही हो?" "एका वहीनं काय बर्फ वितळला?" एकानं तर पाठ थोपटून विचारलं, पुढच्या महिन्याचा विषय काय. मामा सगळ्यांकडे बघत राहिला. लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर त्याला पेललं असतं. त्याची लाज कुणी हातात घ्यायलाच तयार नव्हतं. त्यानं ग्रंथपालांना गप्पांच्या कार्यक्रमाची पाटी काढायला सांगितली. डेपोतलं भाषण मी स्वतः साहेबांकडे जाऊन रद्द केलं, आणि कारण विचारल्यावर खरं कारण सांगितलं. साहेबही हसले. "बस, एवढंच?" म्हणाले.

वर्षभरानं संशोधक बाईंचा फोन आला. पक्षी मोजणाऱ्या बाईंची वही आता नोंदींत आली होती. त्या समुद्रातला बर्फ इतक्या लवकर गेल्याची पहिली खूण आजवर ज्या वर्षाची धरत होते, त्याच्या अकरा वर्षं आधी ती सापडली होती. तो न सापडलेला रोगही निकालात निघाला.

"अकरा वर्षं," मामा म्हणाला.

"तुझ्या वहीनं जग थांबलं नसतं, मामा," मी म्हणाले. ह्या वेळी मी पत वाचवत नव्हते, मला खरंच तसं वाटत होतं.

"नसतं थांबलं. मला तेवढं कळतं." तो बराच वेळ फोनच्या वायरीशी चाळा करत राहिला. "पण ओरडायला ज्याला उभा केला होता, तो आत बसून कॉफी पीत होता. ते माझं. ते दुसऱ्या कुणाचं नाही."

त्यानंतर काही महिन्यांनी त्या बाईंचं पत्र आलं. पाच ओळींचं. ख्यालीखुशाली नाही, माफीबद्दल अक्षर नाही. त्यांनी लिहिलं होतं की त्या त्यांच्या जुन्या नोंदी पुन्हा लावत आहेत, आणि जहाज बेटावर आलं त्या दिवशी उत्तरेच्या टोकाला सील होते की नव्हते हे त्यांच्या वहीत नाही. त्या दिवशी त्या पेट्या मोजण्यात अडकल्या होत्या. जहाज त्या टोकाला वळसा घालून आलं होतं. तुम्हाला काही आठवत असेल तर कळवा. नसेल तर तसं कळवा.

मामा चार दिवस ते पत्र घेऊन बसला. मामीनं दोनदा विचारलं, मी एकदा. मला माहीत होतं की तो मनातल्या मनात पुन्हा त्या टोकाला वळसा घालतोय, सज्जावर जाऊन उभा राहतोय, आणि तिथे कुणी नाही, कारण त्या वेळी तो आत होता. एखादा सील त्याला सहज दाखवता आला असता. दोन दाखवले असते तर बाईंना बरंच वाटलं असतं.

पाचव्या दिवशी त्यानं कार्ड घेतलं. हात आता नीट चालत नव्हता, अक्षर वेडंवाकडं उतरलं. पत्ता, तारीख, आणि खाली: मी त्या वेळी बाहेर नव्हतो. मला माहीत नाही.